चौकटीच्या वहीतली घरं

सिनेमा चालू असताना मी ‘थांब, थांब’ म्हटलं की घरात आता कुणी कारण विचारत नाही. रिमोट ज्याच्या हातात असेल तो चित्र थांबवतो. मी उठून टीव्हीजवळ जाते आणि बोलणाऱ्या माणसांच्या मागची भिंत बघते. खुंटीला काय अडकवलंय, फळीवर डबे कसे लावलेत, कॅलेंडर कुठल्या महिन्यावर आहे, दार आत उघडतं की बाहेर. मग चौकटीच्या वहीत पेन्सिलीने खुणा करते. पडद्यावरच्या आणि पुस्तकांतल्या घरांचे नकाशे काढायची ही आवड मला आठवीपासून आहे. अशा पाच वह्या भरल्यात, सहावी चालू आहे.

मी सिव्हिल ड्राफ्ट्समन आहे. आयटीआयच्या सर्टिफिकेटवर बाईलाही ड्राफ्ट्समनच लिहितात. दोन वर्षांचा कोर्स करून १९९७ मध्ये ठाण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले तेव्हा टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि रोटरिंग पेनं होती. रेघ चुकली की ब्लेडने शाई खरवडायची, कागदाला भोक पडू न देता. अमोनिया प्रिंट काढल्या की तो वास संध्याकाळी लोकलमध्येसुद्धा केसांतून जायचा नाही. पुढे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं ऑटोकॅड आलं आणि हात काळे व्हायचे थांबले.

इतकी वर्षं मी ज्या घरांचे नकाशे काढते, त्यांत अजून कुणी राहायला आलेलं नसतं. सोफा, पलंग, सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल ही चित्रं कॉम्प्युटरमध्ये तयार असतात, उचलून ठेवायची. त्या नकाशात झाडू कधी नसतो. भरलेला सिलिंडर कुठे आणि रिकामा कुठे, हे नसतं. इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचं बोचकं, दाराबाहेरच्या चपला, पावसाळ्यात दोरीवर न वाळलेले टॉवेल, यांतलं काही नसतं. एका सॅम्पल फ्लॅटसाठी तर मला पलंग सव्वासहा फुटांऐवजी साडेपाच फुटांचा काढायला सांगितला होता, खोली मोठी दिसावी म्हणून. मी काढला, नोकरी होती. पण त्या रात्री घरी येऊन वहीत एका जुन्या सिनेमातली खोली काढत बसले, तेव्हा कुठे बरं वाटलं.

वहीतलं पहिलं पान २२१ बी, बेकर स्ट्रीटचं, म्हणजे शेरलॉक होम्सच्या लंडनमधल्या घराचं आहे. गिरगावातल्या आमच्या चाळीजवळच्या वाचनालयातून भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स मी एकेक करून आणत होते. गुन्हा कसा उकलला यापेक्षा मला त्या खोलीचंच जास्त आकर्षण वाटायला लागलं. होम्स तंबाखू ठेवतो ती इराणी सपातेच्या पुढच्या टोकात. सिगार ठेवतो कोळशाच्या बादलीत. उत्तर द्यायची राहिलेली पत्रं शेकोटीवरच्या लाकडी फळीत चाकूने खुपसून ठेवतो. भिंतीवर पिस्तुलाच्या गोळ्यांनी राणीची आद्याक्षरं काढतो. कोपऱ्यात ॲसिडचे डाग पडलेलं रसायनांचं टेबल. त्याच्या गोष्टी सांगणारा मित्र वॉटसन या पसाऱ्याबद्दल कुरकुर करतो, पण इतक्या बारकाईने सांगतो की त्याचाही जीव त्यात गुंतलेला आहे हे कळतं.

चाकूने पत्रं खुपसलेली वाचून मी वर बघितलं, तर आमच्या दाराच्या बाजूला अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तार लटकत होती. खाली लाकडी चकती, वर आकडा आणि मधल्या तारेत लाइटबिलं, वाण्याची बिलं, माझ्या शाळेच्या फीच्या पावत्या. सर्वांत जुनं बिल तळाशी, पिवळं पडलेलं. लंडनमधल्या त्या माणसाची आणि आमच्या अण्णांची कागद ठेवायची पद्धत एकच होती! तेव्हापासून ते घर मला परकं वाटलं नाही. दोन बाय चारच्या कागदी चौकटींत मी जिना काढला, सतरा पायऱ्यांचा, कारण होम्स वॉटसनला पायऱ्या सतरा आहेत असं एका कथेत मुद्दाम सांगतो.

तो नकाशा मी आजवर सात वेळा खोडून काढलाय. पहिल्या कादंबरीत, म्हणजे १८८७ च्या, बैठकीच्या खोलीला दोन रुंद खिडक्या आहेत. पुढे एका कथेत बाहेर आलेली अर्धगोल खिडकी येते. आणखी पुढे त्या खिडकीत पडदा येतो आणि पडद्यामागे झोपायच्या खोलीतून उघडणारं एक दुसरंच दार निघतं, जे त्याआधी कुठेच नव्हतं. लेखकाला कथेपुरतं दार हवं होतं, त्याने दिलं. आमचा नकाशा मात्र अडतो. जगभरात होम्सच्या वाचकांनी या खोलीचे आराखडे काढलेत आणि एकमेकांशी वाद घातलेत. १९५१ मध्ये फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनच्या निमित्ताने बेकर स्ट्रीटवरच ही खोली खरी उभारली होती. ती आता लंडनला नॉर्थम्बरलँड स्ट्रीटवरच्या एका पबच्या वरच्या मजल्यावर आहे. कधीही न झालेल्या माणसाची बैठकीची खोली लोकांनी सत्तर वर्षांहून जास्त काळ सांभाळून ठेवली, या गोष्टीने मला आजही भरून येतं.

हिंदी सिनेमातल्या मोठ्या घरांचे नकाशे मी कधी काढले नाहीत. दोन्हीकडून उतरणारे जिने, मधोमध झुंबर आणि पियानो. त्या घरात कुणी पाणी भरताना दिसत नाही. मी काढल्या त्या चाळी. बासू चटर्जींचा १९७२ चा ‘पिया का घर’ (राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’वरून केलेला) पाहताना आई मधेच म्हणाली, ‘आमचंही अगदी असंच झालं होतं.’ सिनेमात नव्या जोडप्याची झोपायची सोय स्वयंपाकघरात असते. भांडी, पिंप, मांडणी आणि मधे अंथरूण. आईअण्णांचं लग्न झालं तेव्हा आमच्या दोन खोल्यांत आठ माणसं होती, आणि त्यांच्याही वाट्याला आतली खोलीच आली होती. मोरीचा नळ पहाटे चारला यायचा, तेव्हा अंथरूण गुंडाळून आत्याला पाणी भरायला जागा करून द्यायची. हे आईने मला माझ्या वयाच्या चाळिशीत सांगितलं, तेही सिनेमा समोर होता म्हणून. मी त्या खोलीचा नकाशा काढताना अंथरुणाची जागा तुटक रेघेने दाखवली. आमच्या कामात तुटक रेघ म्हणजे डोक्यावरची किंवा दिसत नसलेली वस्तू. रात्री असते आणि दिवसा नसते अशा वस्तूसाठी आमच्याकडे वेगळी खूण नाही.

आणि ‘कथा’. सई परांजपे यांचा, १९८३ चा. मुळात तो ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावरून आलेला. नसीरुद्दीन शाहचा राजाराम आपल्या खोलीत काटकसरीने, नीटनेटका राहतो. मग फारूख शेखचा बाशू पाहुणा म्हणून येतो आणि मालकाच्या थाटात पसरतो. घर कुणाचं हे कळायला मला त्या दोघांच्या हालचाली पुरतात. ज्याचं घर असतं त्याचा हात वस्तूकडे न बघता जातो. स्विच कुठे, काडेपेटी कुठे, खुंटी किती उंचीवर, हे हाताला पाठ असतं. पाहुणा आधी बघतो, मग घेतो. नट ही गोष्ट कशी शिकत असतील कोण जाणे, पण मी कुठलाही सिनेमा बघताना आता तेच तपासते.

आणखी एक गोष्ट तपासते ती कॅलेंडर. ‘कालनिर्णय’ १९७३ मध्ये सुरू झालं आणि मराठी घरात एक भिंत कायमची त्याची झाली. पण सिनेमातल्या भिंतीवरचं कॅलेंडर बहुतेक वेळा कोरं असतं. आमच्याकडे आईच्या हातचं कॅलेंडर म्हणजे घराची रोजनिशी होती. दूध नाही त्या तारखेवर फुली, गॅस लावला त्या दिवशी गोल, मोलकरणीचा खाडा झाला की उभी रेघ, भिशीचे पैसे दिले की बरोबरची खूण. डिसेंबर संपला की ती पानं फेकली जायची नाहीत, पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत जायची. एखाद्या मालिकेत खुणा केलेलं कॅलेंडर दिसलं की मी त्या कलादिग्दर्शकाला मनातून नमस्कार करते. पंधरा-वीस वर्षं जगलेलं घर त्यांना चार-आठ दिवसांत उभं करायचं असतं. स्विचबोर्डाभोवती बोटांचे डाग, फोटो काढून घेतल्यावर भिंतीवर राहिलेला फिकट चौकोन, खुर्ची घासून घासून पडलेली आडवी रेघ, हे सगळं कुणीतरी बसून केलेलं असतं.

‘फ्रेंड्स’ ही अमेरिकन मालिका मी उशिरा पाहिली, बाळंतपणाच्या रजेत. त्यातल्या मोनिकाच्या घराच्या जांभळ्या भिंती सगळ्यांना आठवतात. मी त्यातला दाराचा तपशील वहीत लिहून ठेवलाय. दारावरच्या पीपहोलभोवती एक पिवळी चौकट आहे, नुसतीच, आत फोटो नाही. मूळचा तो आरसा होता. सेटवर काम करताना काच फुटली, चौकट तेवढी शाबूत राहिली, ती कुणीतरी दारावर टांगून बघितली आणि तिथेच राहिली. कुठल्याही खऱ्या घरात वस्तू अशाच जागा धरतात. ठरवून काही होत नाही, काहीतरी फुटतं, उरलेलं टाकवत नाही. त्या घराचा नंबरही सुरुवातीला ५ होता आणि पुढे २० झाला, कारण इतक्या खालच्या नंबरचं घर इतक्या वरच्या मजल्यावर असणं पटत नव्हतं. कुणीतरी बसून मजले मोजले, याचा मला फार आनंद झाला.

माझ्या लेकीमुळे वहीत जपान आलं. ती सातवीत असताना तिने मला हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ हा ॲनिमेशन सिनेमा दाखवला, १९८८ चा. सात्सुकी आणि मेई या दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या एका जुन्या घरात राहायला येतात. आई दवाखान्यात आहे. घराचा एक भाग जपानी पद्धतीचा, तातामी म्हणजे गवती चटया अंथरलेला, आणि त्याला चिकटून पाश्चात्त्य वळणाची एक खोली, वडिलांच्या अभ्यासाची, पुस्तकांचे ढीग असलेली. व्हरांड्याचा खांब कुजलाय, पोरी तो धरून हलवतात तर वरून कपचे पडतात. दोन छपरं जिथे मिळतात तो कोपरा मला तीन आठवडे सुटत नव्हता. शेवटी साहेबांना दाखवला. ते काही बोलले नाहीत, पेन्सिल घेऊन पन्हळीची एक रेघ ओढून दिली.

त्या रिकाम्या घरात काजळीचे काळे गोळे राहत असतात. माणसं राहायला आली, हसू लागली, की रात्री वाऱ्यावर निघून जातात. आम्हाला चाळीत आजी सांगायची की बंद घरात दिवा लावायला कुणी नसलं तर घर रुसतं. मियाझाकींच्या त्या गोळ्यांनी मला आजीची आठवण आली.

सिनेमातलं हे घर २००५ मध्ये जपानमधल्या आइचीच्या जागतिक प्रदर्शनासाठी खरोखर बांधलं गेलं, आणि आता तिथल्या घिब्ली पार्कमध्ये, म्हणजे मियाझाकींच्या स्टुडिओच्या नावाच्या बागेत आहे. माझा भाचा नोकरीसाठी नागोयाला असतो, तिथून ते जवळच. मागच्या वर्षी तो जाऊन आला आणि रात्री फोनवर सांगत होता, ‘मावशी, तिथे कपाटांचे खण उघडून बघू देतात. मी उघडला तर आत कपडे घड्या घालून ठेवले होते.’ मी त्याला तासभर प्रश्न विचारले. स्वयंपाकघरात काय होतं, पाण्याचा हातपंप कुठल्या बाजूला, मोरीची जमीन कसली. सिनेमात जे खण कधी उघडलेच नाहीत त्यांतही त्या लोकांनी कपडे भरले! मी फोन ठेवला आणि वहीतल्या त्या पानावर खण दाखवून घेतले.

आता आमचं घर. डोंबिवलीतली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि तीन वर्षं भाड्याने काढून २०२३ मध्ये नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला. इंटीरियर करायला एका ओळखीच्या माणसाला दिलं. त्याने हॉलचं चित्र आणलं. राखाडी आणि पांढरं, टीव्हीच्या मागे दिव्यांची पट्टी, मुठी नसलेले बंद शटर. सुंदरच होतं, काम सफाईदार होतं. पण आमच्या वस्तू बघून तो म्हणाला, ‘हे सगळं माळ्यावर जाईल ना?’

‘हे सगळं’ म्हणजे काय होतं ते सांगते. माझ्या वह्या. नवऱ्याच्या चारशे-सव्वाचारशे कॅसेट, ज्यांतल्या निम्म्यांवर त्याने कॉलेजात असताना स्वतःच्या हाताने गाण्यांची यादी लिहिली आहे. थिएटरबाहेर मिळायच्या त्या गाण्यांच्या चोपड्या. लेकीचे बीटीएस या कोरियन बँडचे अल्बम, प्रत्येकाचा आकार वेगळा, आणि त्यांच्या चाहत्यांची ती दिवा लागणारी काठी. आजीकडून आलेला बालगंधर्वांचा फोटो, ‘मानापमान’मधल्या भामिनीच्या वेषातला. आजी तो देव्हाऱ्याशेजारी लावायची, आणि नवे पाहुणे हात जोडून विचारायचे, ‘ह्या तुमच्या सासूबाई का?’ आजीला त्या प्रश्नाचा अभिमान वाटायचा.

आणि अण्णांच्या कपाटाचं दार.

अण्णा गिरगावचे आणि सुनील गावस्कर हाकेच्या अंतरावरच्या चिखलवाडीचा. १९७१ मध्ये गावस्करने वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या, तेव्हा अण्णा एकवीस वर्षांचे होते. त्यांनी वर्तमानपत्रातला फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून खळीने चिकटवला आणि त्याखाली सुतारी पेन्सिलीने ७७४ लिहिलं. तेवढंच, नाव नाही, तारीख नाही. लहानपणी मला वाटायचं तो कुणाचा तरी फोन नंबर असेल. चाळीतली खोली २०१९ मध्ये सोडली तेव्हा कपाटाला वाळवी लागली होती. दार सागवानी, ते तेवढं वाचलं. आई आमच्याकडे राहायला आली ती दोन बॅगा आणि हे दार घेऊन.

मी इंटीरियरवाल्याशी वाद घातला नाही. मला जी भाषा येते तिच्यात उत्तर दिलं. दोन रविवार बसून एका भिंतीचं एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं चित्र काढलं, अकरा फूट लांब, नऊ फूट उंच. एकेक वस्तू टेपने मोजली. कॅसेटचा डबा अकरा सेंटिमीटर बाय सात, म्हणजे त्या फळ्यांना पाच इंच खोली पुरते. वह्या आणि अल्बमना नऊ इंच. चोपड्या आडव्या. काठीला मोबाइलसारखं चार्जिंग लागत नाही, सेल लागतात, म्हणून पॉइंट नको. फोटोला वरून दिवा नको, रंग उडतो. सगळं उघडं, शटर एकच, आणि ते अण्णांचं दार. त्याने ड्रॉइंग पाहिलं, थोडा वेळ गप्प राहिला, आणि म्हणाला, ‘ताई, मग हेच करू.’

पुढे त्याने आपणहून सुचवलं की दाराची आतली बाजू बाहेर करू, फोटो आणि आकडा काचेखाली घेऊ, आल्यागेल्याला दिसेल. मला ते पटण्याच्या बेतात होतं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘त्यांनी ते आतून लावलंय. आतच राहू दे.’ विषय संपला. सुताराने दारावरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘मॅडम, ये पुराना सागवान है. इसको सनमायका मत लगाओ.’ जुन्याच बिजागऱ्या तेल घालून बसवल्या. दार उघडताना चाळीत करायचं तसाच आवाज करतं.

त्या कपाटात आईची औषधं असतात. सकाळी साडेआठला आणि रात्री जेवल्यावर ती ते उघडते, त्यामुळे गावस्करची भेट दिवसातून दोनदा होते. काही महिन्यांनी मी पाहिलं, फोटोच्या खाली, आकड्याला धक्का न लावता, बीटीएसमधल्या सुगाचं एक छोटं फोटोकार्ड लावलेलं होतं. लेकीला विचारलं तर म्हणाली, ‘आजीला विचारून लावलंय.’ आईला विचारलं तर म्हणाली, ‘जागा होती.’

या घराचा नकाशा सहाव्या वहीत काढला आहे, एकास पन्नास. ऑफिसच्या कामात जे कधी दाखवता आलं नाही ते सगळं दाखवलं. झाडू फ्रिजच्या मागे, भरलेला सिलिंडर बाल्कनीत डावीकडे, इस्त्रीचं बोचकं खुर्चीवर, अण्णांची बिलांची तार दाराशेजारी. तिच्यात आता कुरिअरच्या पावत्या आहेत. नकाशा पेन्सिलीत आहे, शाई भरलेली नाही. काल आईने तिची खुर्ची खिडकीपाशी सरकवली, तिथे दुपारी ऊन येतं म्हणून. त्यामुळे खुर्ची, तिच्याशेजारचं स्टूल आणि रेडिओ, तिन्ही आज खोडून पुन्हा काढायचे आहेत.